भावाच्या पानावरचं माप

समुपदेशक आणि त्याच्यासमोर बसलेला माणूस यांच्यामध्ये एक रेषा असते. ती डोळ्यांना दिसत नाही. पण ती ओलांडली की दोघंही हरवतात.

हे वाक्य मी लातूरच्या एका सभागृहात, भरल्या खुर्च्यांसमोर उच्चारलं. आधी क्षणभर थांबलो होतो, नंतरही थांबलो. टाळ्या पडल्या. कार्यशाळेचा विषय ‘मानसिक आरोग्यसेवेतील व्यावसायिक मर्यादा’ असा होता. माझ्या आधी बोललेल्या पाहुण्यांनी पेशंटकडून कसलीही भेटवस्तू घेऊ नये हे अर्धा तास समजावून सांगितलं, आणि त्याबद्दल त्यांना शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मला घड्याळ मिळालं नाही. शाल मिळाली, आणि अगदी वेळेवर मिळाली, कारण तिच्याखाली जो शर्ट झाकला गेला तो माझ्या एका पेशंटनं शिवलेला होता.

चहाच्या वेळी मॅडम जवळ आल्या. मॅडम म्हणजे माझ्या वरिष्ठ. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी नांदेडहून एस.टी.नं लातूरला त्यांच्याकडे जातो आणि माझ्या कामात काय काय चुकतंय ते ऐकून परत येतो. आमच्या कामात ही रीत आहे. दुसऱ्यांची मनं हाताळणाऱ्याचं मनही कुणाकडून तरी अधूनमधून झटकून घ्यावं लागतं.

“किती शाली झाल्या रे आता?”

“ही चौथी.”

“दुकान टाक.” मग त्यांनी दोन बोटांनी शालीचा काठ बाजूला केला आणि कॉलर पाहिली. कॉलर फार सुरेख होती, तीच नडली. “शर्ट कुणी शिवला?”

मी सांगितलं. खोटं बोलायचा विचार केला होता, पण मॅडमपुढे ते मला आजवर जमलेलं नाही.

त्यांनी कप खाली ठेवला. “बस इथं. पहिल्यापासून सांग.”

पहिल्यापासून सांगायचं तर ते असं.

नांदेडला माझी खोली बी-बियाणांच्या दुकानाच्या वर आहे. एक टेबल, तीन खुर्च्या, एक पंखा, बाहेर एक बाक. आमच्याकडे माणूस खुर्चीला पाठ टेकायच्या आत विचारतो, “कुठले तुम्ही?” पाठोपाठ मामाचं गाव, मग बायकोचं माहेर, आणि चौथ्या प्रश्नाला तुम्ही त्याच्या साडूचे पाहुणे निघता. एकदा पाहुणे निघालात की तो तुम्हाला खरं काही सांगत नाही, कारण ते साडूच्या घरी पोचेल. म्हणून मी सगळ्यांना एकच उत्तर देतो, “इथलाच.” लोकांना ते उत्तर उद्धट वाटतं. असू दे.

भेटवस्तूंचा नियम मॅडमनी घालून दिलेला. खायचं काही आलं तर बाहेरच्या बाकावर ठेवायचं, जो बसेल त्यानं खायचं. अंगावर घालायचं काही घ्यायचं नाही. अर्धापूरच्या एका कुटुंबानं केळीचा घड आणला होता, त्यावर बाक आठवडाभर खूश होता. अंगावर घालायचं मात्र कुणी कधी आणलंच नव्हतं, त्यामुळे नियमाचा तो अर्धा भाग मी काही न करता वर्षानुवर्षं पाळत होतो, आणि मला स्वतःचं कौतुक होतं.

मग ते आले. जुन्या वस्तीत दुकान असलेले टेलर, साठी ओलांडलेले. आजोबांपासूनचा धंदा. सोबत लेक होती, तिनंच आणलं होतं. (त्यांच्याबद्दल लिहायला मी त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असं जे होतं ते बदललं आहे. त्यांची एकच अट होती: हातात कसब आहे एवढं लिहायचं. आहे.)

“मला बीमारी काही न्हाई, साहेब,” ते म्हणाले. “मशीन चालते. सुई चालते. कात्री चालत न्हाई.”

“अब्बा, नीट सांगा ना.”

“नीटच सांगून राहिलो.”

शिवणारे कारागीर चार मिळतात. दुकान कापणाऱ्याच्या नावावर चालतं. म्हणूनच त्याला मास्टर म्हणतात. गेल्या ईदपासून त्यांचं असं झालं होतं की खडूनं आखणी बिनचूक व्हायची, कात्री कापडाला लागायची, आणि खांद्याच्या वळणावर हात थांबायचा. दुखायचा नाही, थरथरायचा नाही. नुसता थांबायचा. कुणीतरी वरून धरल्यासारखा. आता कापायचं काम कारागीर करत होता आणि गिऱ्हाइकं काखेत काचतं म्हणून कपडे परत आणत होती.

“दिवाळीपर्यंत असंच राहिलं तर दुकान बंद करावं लागेल, सर,” लेक म्हणाली. “आणि दुकान बंद झालं तर अब्बा...” वडिलांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते माझ्याकडे पाहत होते. नेमकं सांगायचं तर माझ्या खांद्याकडे. ‘नजर टाळतात,’ असं मी वहीत लिहिलं.

तिसऱ्या बैठकीत भाऊ आला. म्हणजे बोलण्यात आला.

धाकटा भाऊ. पंचवीस वर्षांपूर्वी, चोवीस वर्षांचा असताना, तो भोकरला एका लग्नाचे कपडे पोचवायला गेला. कपडे पोचले. नवरदेवानं ते घातले, लग्न लागलं. भाऊ परत आला नाही. पोलीस झाले, दर्गे झाले, हैदराबादपर्यंत जाऊन झालं. मयत नाही, कबर नाही, एक चिठ्ठी नाही.

“मग मी काय करतो,” ते म्हणाले, “दर ईदला त्याचा एक शर्ट शिवतो. येईल तेव्हा अंगाला बसला पाह्यजे की न्हाई? जुन्या मापाचा कसा बसंल?”

दुकानातल्या मापाच्या वहीत भावाचं एक पान होतं. दर वर्षी त्यावर एक ओळ चढायची. छाती पाव इंच वाढायची, तिशीनंतर कंबर अर्धा इंच, चाळिशीनंतर खांदा किंचित उतरायचा. भावाला न पाहता ते त्याला म्हातारा करत आणत होते.

“माप कसं कळतं तुम्हाला?”

“धंदा हाय, साहेब. तुम्हाला मानसाच्या मनातलं कसं कळतं?”

मला कळत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

गेल्या ईदला त्यांनी ओळ लिहिली, कापड कापलं, आणि मग डोक्यात आलं की मेलेल्याचं माप वाढत नाही. तो मेला असेल तर हे कुणासाठी सैल करून राहिलो? तुकडे टेबलावर तसेच राहिले.

“कापायचं आन शिवायचं न्हाई, असं कापड एकच असतंय,” ते हळू आवाजात म्हणाले. “कफन. मी भावाचं कफन कापून ठिवलं, साहेब. माझ्या हातानं.”

त्या दिवसापासून कात्री थांबली.

पुढच्या वेळी ते एकटे आले. भर दुपार होती आणि वीज गेली होती. पंखा थांबला की या खोलीत खालच्या दुकानातलं सगळं ऐकू येतं, पण त्या दुपारी खालूनही काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी गळ्यातली फीत काढून टेबलावर ठेवली. शेजारी वही.

“साहेब, एकदा तुमचं माप घिऊ द्या. डोळ्यानं पहिल्याच दिशी घेतलंय. हाताला पटत न्हाई.”

नाही म्हणायला हवं होतं. पण माझं वाचन बरंच आहे, आणि वाचलेल्या माणसाला चूक करण्यासाठी आधार लगेच सापडतो. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पायरीपायरीनं न्यायचं, अशी एक उपचारपद्धत आहे. ही पहिली पायरी, असं मी स्वतःला सांगितलं आणि उभा राहिलो.

“साडेपंधरा,” ते म्हणाले. मग फीत माझ्या गळ्याभोवती आली. त्यांनी ती मला दाखवली. साडेपंधरा.

“एकोणचाळीस.” मग फीत छातीभोवती. एकोणचाळीस.

“छत्तीस.” कंबर. छत्तीस.

प्रत्येक आकडा आधी, फीत नंतर. आपलं शरीर त्यांच्या आकड्यात जाऊन बसतंय असं मला वाटू लागलं. मागे उभं राहून त्यांनी दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि तसेच थांबले.

“उजवा पाव इंच खाली हाय,” ते म्हणाले. “त्याचाबी असाच.”

मग विचारलं, “वय काय, साहेब?”

आणि वर्षानुवर्षं ‘इथलाच’ म्हणणारा मी बोलून गेलो, “एकोणपन्नास.”

“बराबर,” ते म्हणाले. जणू उत्तर त्यांना तपासायचं होतं. त्यांनी वहीत लिहिलं. मी कॉलर नीट करत होतो, वहीकडे पाहिलं नाही.

चार दिवसांनी लेकीचा फोन आला. “सर, अब्बांनी कापलं! रडून राहिले, पण कापून राहिले. पूर्ण शर्ट!” त्या आठवड्यात त्यांनी गिऱ्हाइकांचेही कपडे कापले. मी मनातल्या मनात लातूरच्या कार्यशाळेसाठी हे उदाहरण घोळवू लागलो.

शर्ट कागदात गुंडाळून खोलीबाहेरच्या बाकावर ठेवलेला सापडला. बाकावर ठेवलेलं सगळ्यांचं, हा माझाच नियम; पण हा एकालाच बसणारा होता. परत करायचा म्हणून दारामागच्या खुंटीला टांगला. तीन दिवस तो तिथं होता. पेशंट बोलत असताना मला तो त्यांच्या पाठीमागे दिसायचा. रिकामा शर्ट टांगला की खांदे सरळ राहतात. याचा उजवा खांदा खाली होता.

चौथ्या दिवशी कुणी नसताना मी तो घातला. बसला, यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं. बटणं लावून झाल्यावर माझा डावा हात आपोआप शर्टाच्या आत, बरगडीपाशी गेला, आणि तिथं एक चोरखिसा होता. मी आयुष्यात कधी चोरखिशाचा शर्ट वापरलेला नाही. खिसा रिकामा होता. हात मात्र तिथं बराच वेळ राहिला.

आणि दुसऱ्या शनिवारी लातूरला जाताना इस्त्री केलेला तेवढा एकच शर्ट घरात होता. हे कारण मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत.

“एकच विचारते,” त्या म्हणाल्या. “त्यानं माप लिहिलं ते वहीच्या कुठल्या पानावर?”

“पाहिलं नाही.”

“पाहा. तू त्याचा हात सोडवला असं तुला वाटून राहिलंय. त्यानं तुला भावाच्या पानावर चढवलं असलं तर हात त्याचा सुटलेला नाही, तुझ्यात अडकलाय. तू आजारी पडलास, गाव सोडून गेलास, मेलास, की पुन्हा कात्री बंद. आणि शर्ट काढ तो.”

“इथं?”

“घरी जाऊन काढ, शहाण्या.”

परतीच्या एस.टी.त लोहा गाव येईपर्यंत मी शाल पांघरून बसलो होतो. बाहेर चांगलंच ऊन होतं.

पुढच्या बैठकीला ते आले ते वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन. स्थानिक पानावर कार्यशाळेचा फोटो छापला होता. पाच माणसं, पाच शाली, आणि छपाई अशी की मला मीच ओळखू येईना. त्यांनी माझ्या गळ्यापाशी बोट ठेवलं. शालीतून कॉलरचं एक टोक दिसत होतं.

“घातलास,” ते म्हणाले.

आवाजात इतकी माया होती की ‘तू’ कळायला मला क्षण लागला. साठीतल्या माणसानं एकोणपन्नासच्या माणसाला अरेतुरे करणं आमच्याकडे नवं नाही. पण हे ते नव्हतं. ते एका विशिष्ट माणसाशी बोलत होते, आणि तो माझ्या खुर्चीत बसला होता.

“जेवलास का? वाळून राहिलास.”

मी म्हणालो, “वही बघू.”

त्यांनी आनंदानं उघडली. भावाचं पान. पंचवीस वर्षांच्या ओळी, एकाच हातानं लिहिलेल्या, शाई तेवढी बदलत आलेली. तळाशी माझे आकडे, माझं नाव नसलेले. त्याच्या वरची ओळ गेल्या ईदची, म्हणजे त्यांनी मला पाहिलंही नव्हतं तेव्हाची. साडेपंधरा, एकोणचाळीस, छत्तीस. पुढे बारीक अक्षरात, उ. खांदा पाव खाली.

आणि माझ्या ओळीखाली आणखी एक ओळ होती.

“ही कुठली?”

“पुढच्या सालची.”

सगळे आकडे तेच. कंबर मात्र चौतीस. पंचवीस वर्षांत त्या पानावर कंबर कधीच कमी झालेली नव्हती.

मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण खोली माझी होती. उठून जायची सोय माझ्यासमोर बसणाऱ्याला असते. मी दारामागचा शर्ट काढला, टेबलावर ठेवला, आणि पाठ करून ठेवलेलं सगळं विसरलो.

“मास्टर, माझ्याकडून चूक झाली. मी माप द्यायला नको होतं, शर्ट घालायला तर मुळीच नको होता. हे माप माझं आहे. मी तुमचा भाऊ नाही.”

“ते मला ठाऊक हाय,” ते म्हणाले. “पर मग त्याचं माप कोनतं?”

“ते कुणालाच माहीत नाही. मलाही नाही, तुम्हालाही नाही.”

त्यांनी फीत गळ्यात घातली, वही काखेत धरली, शर्टाची घडी केली. घडी करताना हात खांद्याच्या वळणावर थांबला. तो थांबलेला आम्ही दोघांनीही पाहिला. मग ते गेले.

तीन आठवडे ते आले नाहीत. फोन करून मन राखायचं नाही, दुकानावरून चक्कर मारायची नाही, हेही नियमात येतं. मी पाळलं. त्या काळात त्या रस्त्यानं जाणं टाळण्यासाठी मी बरंच लांबून फिरत होतो. एका माणसाचा हात पुन्हा दगड झाला असेल आणि तो मी केला, हे डोक्यातून जात नव्हतं.

मग लेक आली. बाकावर बसली नाही, सरळ आत आली.

“सर, अब्बांनी तो शर्ट उसवला.”

“उसवला?”

“टाका न टाका. पाठ, पुढचे दोन्ही भाग, बाह्या, कॉलर, तो आतला खिसा. कापायच्या टेबलावर मांडून ठेवलं, माणूस निजवल्यासारखं. मला वाटलं झालं, डोकं गेलं. दुपारभर समोर बसून होते. कारागिराला पाणी पिऊ देईनात तिथं. संध्याकाळी घडी केली, वहीत ठेवली. वहीत लिहिलंय, माप माहीत न्हाई.”

“आणि आता?”

“आता काय!” ती पहिल्यांदाच हसली. “दुसऱ्या दिवशी सकाळी कारागिराच्या हातातली कात्री घेतली. म्हणाले, सोड, तू लोकांच्या काखा कापून राहिलास.”

शेवटच्या बैठकीला ते एकटेच आले. कात्री चालते आहे म्हणाले, खांद्याच्या वळणावर मन थांबतं पण हात जातो म्हणाले. या ईदला शर्ट नाही. मला पूर्ण वेळ त्यांनी ‘तुम्ही’ म्हटलं. ते योग्यच होतं. मला थोडं लागलं, हे मी मॅडमनाही सांगितलेलं नाही.

दारात ते वळले. खांद्याकडे नाही, माझ्या पट्ट्याकडे पाहिलं.

“येक सांगू का, साहेब? रक्त तपासून घ्या. पट्टा दोन भोकं आत गेलाय. आमच्या वालिदचं असंच झालं होतं. गिऱ्हाइकांतबी लई पाह्यलंय. आधी कंबर उतरती, मग मानसाला कळतं.”

पुढच्या सालची ओळ मला बरेच दिवस झोपेत दिसत होती. तपासणीत मधुमेह निघाला. पुढची ईद यायच्या आत कंबर चौतीस झाली.

पँटी सैल पडू लागल्या. त्या त्यांच्याकडे टाकता येत नाहीत, म्हणून बसस्टँडजवळच्या दुसऱ्या टेलरकडे टाकल्या. त्यानं दोनदा फीत लावून माप घेतलं, माझ्या नावाच्या नव्या पानावर लिहून घेतलं, आणि एकीचा डावा पाय अर्धा इंच आखूड केला.